नोआची मोफत एक्सेल शीट: कानापुरती ठीक

मी सॅन डिएगोत सागरतळाच्या सर्वेक्षणांसाठी परवान्याची कागदपत्रं तयार करते, त्यामुळे नोआ या अमेरिकेच्या सागर-हवामान संस्थेतल्या सागरी मत्स्य सेवेची ही शीट सतत उघडी असते. सोनारच्या आवाजाने देवमाशाच्या कानाला कायमची इजा किती अंतरापर्यंत होईल, एवढंच ती सांगते. फुकट आहे, साध्या एक्सेलवर चालते.

चालत्या जहाजासाठी पिंगची (सोनारने सोडलेल्या आवाजाच्या ठोक्याची) पातळी, पिंग किती सेकंदांचा, दोन पिंग किती सेकंदांच्या फरकाने, फ्रिक्वेन्सी आणि जहाजाचा वेग भरायचा. वेग मीटर प्रति सेकंदात हवा. कॅप्टनने दिलेले नॉट्स (एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर) तसेच टाकलेत तर शीट हूं की चूं करत नाही, धोक्याचं अंतर जवळजवळ निम्मं करून देते! शिवाय 2024 च्या आवृत्तीत प्राण्यांच्या (ऐकण्याच्या क्षमतेनुसार केलेल्या) गटांची नावं सरकलीत. बहुतेक डॉल्फिन 'मध्यम'मधून 'उच्च' फ्रिक्वेन्सीत गेले, पॉरपॉइज (डॉल्फिनचे छोटे नातेवाईक) 'अतिउच्च'मध्ये. जुन्या फाइलमधून कॉपी-पेस्ट टाळाच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. युद्धनौकेचा सोनार 235 डेसिबलचा धरा (पाण्यातले डेसिबल, हवेतल्यांशी तुलना नको). एका सेकंदाचा एक पिंग, साधं 20 लॉगचं गणित (अंतर दसपट झालं की आवाज 20 डेसिबलने उतरतो), निळ्या देवमाशाच्या गटाची कानाच्या इजेसाठी 197 ची मर्यादा: अंतर येतं ऐंशीएक मीटर. वाचणाऱ्याला वाटतं, मग चिंता कसली? पण चोचवाले देवमासे बिथरण्यासाठी नौदलाने एकेकाळी धरलेली 140 ची पातळी घ्या. पाण्यातलं शोषण वजा करूनही अंतर वीस किलोमीटरच्या पुढे जातं. मार्च 2000 मध्ये बहामात 17 प्राणी किनाऱ्याला लागले, त्यांत बहुतेक चोचवाले होते. नौदल आणि नोआच्या संयुक्त चौकशीत बोट सोनारकडेच गेलं. बिथरलेल्या प्राण्याची बुडी मारण्याची लय बिघडते, हा संशय तेव्हापासून बळावत गेला. त्यासाठी या शीटमध्ये एकही खाना नाही. तिच्या हिशेबात जहाज सरळ जातं आणि देवमासा जागचा हलत नाही.

आणि 140 तरी कुठे पक्के? 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात क्युव्हिएरच्या दोन चोचवाल्या देवमाशांनी 89 ते 127 डेसिबललाच शेपूट मारणं थांबवलं, मग वेगाने, आवाज न काढता दूर गेले. त्यातल्याच एकाला लांबच्या नौदल सरावाचा 78 ते 106 डेसिबलचा सोनार ऐकू आला, तेव्हा मात्र तो तसा बिथरला नाही. म्हणजे आवाज किती मोठा यासोबत तो किती लांबून येतो हेही मोजायला हवं.

नौदल आपल्या सरावांसाठी आभासी प्राणी पाण्यात सोडून प्रत्येकाला लागलेला आवाज मोजणारं स्वतःचं मॉडेल वापरतं. आमच्यासारख्या छोट्या ऑफिसला तेवढं झेपत नाही.

पाचपैकी साडेतीन. कानाच्या प्रकरणासाठी बिनधास्त वापरा. वर्तनाचं प्रकरण मी अहवालात वेगळं लिहिते आणि तिथे एका आकड्याऐवजी अंतराचे पट्टे देते. क्लायंट कुरकुर करतात, करू देत.