लंडनचे फ्रॉइड संग्रहालय: कोच, खुर्ची आणि हस्तिदंती विष्णू

माणूस विवेकाच्या आधारे वागतो, हा युरोपचा जुना विश्वास ज्यांनी मुळापासून हलवला, त्यांत मनोविश्लेषणाचे, म्हणजे रुग्णाला मोकळेपणाने बोलू देऊन त्याच्या मनात नकळत दडलेल्या गोष्टींचा शोध घेणाऱ्या पद्धतीचे, जनक सिग्मंड फ्रॉइड यांचे नाव आघाडीवर आहे. नाझींच्या तावडीतून सुटून १९३८ साली व्हिएन्नाहून लंडनला आल्यावर त्यांनी अखेरचे वर्ष ज्या घरात काढले, ते हॅम्पस्टेडमधील २०, मॅरेसफील्ड गार्डन्स हे घर १९८६ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे.

तळमजल्यावरची अभ्यासिका हा या घराचा प्राण आहे. तिथल्या मंद उजेडाला डोळे सरावले की इराणमधील काश्काई जमातीच्या गालिच्याने झाकलेला, उशांनी भरलेला, रुग्णांना निजवून बोलते करण्याचा तो कोच दिसतो, आणि त्याच्या उशाशी, आडवे पडून बोलणाऱ्याच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने ठेवलेली फ्रॉइड यांची हिरवी खुर्ची. ‘मी’, म्हणजे आपले जाणते मन, हा स्वतःच्या घराचाही धनी नाही, हे त्यांचे प्रतिपादन पुस्तकात वाचताना मला नेहमी फार कठोर वाटत असे. त्या दोन वस्तूंमधले हातभर अंतर पाहिल्यावर मात्र ते विधान वर्षानुवर्षे रुग्णांच्या तुटक, असंबद्ध बोलण्याला कान देण्यातून आलेले आहे, हे मनापासून पटले.

मेजावर प्राचीन मूर्तींची दाटी आहे. फ्रॉइड यांच्या संग्रहात अशा दोन हजारांहून अधिक वस्तू होत्या, आणि व्हिएन्नातली त्यांची मांडणी घरकाम पाहणाऱ्या पाउला फिख्टल यांनी निव्वळ आठवणीने येथे पुन्हा जुळवली. याच संग्रहात शेषाच्या वेटोळ्यावर बसलेला हस्तिदंती विष्णू आहे. कलकत्त्यात १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस आणि त्यांचे सहकारी यांनी १९३१ साली फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीनिमित्त तो पाठवला होता. बोस हे नुसते अनुयायी नव्हते; ईडिपस गंडाच्या (मुलाला आईविषयी ओढ आणि बापाविषयी वैरभाव वाटतो, या फ्रॉइड यांच्या कल्पनेच्या) बाबतीत त्यांनी आपल्या भारतीय रुग्णांच्या अनुभवावरून फ्रॉइड यांच्याशी पत्रांतून मतभेद व्यक्त केला होता, हे ठाऊक असले की त्या मूर्तीपुढे पाऊल अधिकच रेंगाळते.

वरच्या मजल्यावर कन्या ॲना फ्रॉइड यांची खोली आणि हातमाग आहे. दालने थोडीच असल्याने घाईत घर पाहून होईल, पण अभ्यासिकेसाठी निदान तासभर राखून ठेवावा, आणि शक्य झाल्यास फ्रॉइड यांचे स्वप्नांवरचे थोडेफार लेखन आधी वाचून जावे.