कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली लायब्ररी: मैत्रिणींच्या गोष्टींसाठी लई भारी

मैत्रिणी, माहेर-सासर, प्रेम असलं वाचायला आवडत असेल तर जावाच. मी नवी लव्हस्टोरी मागितली तर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या आधी गौरी देशपांडे वाच की गं. या लेखिका 2003 ला वारल्या पण त्यांच्या गोष्टींतल्या बायका आजच्या वाटतात, लग्न झालं म्हणून गोष्ट संपत नाही, उलट तिथनंच खरा घोळ सुरू. मग सानिया या लेखिकेचं पुस्तक दिलं, त्यात आरडाओरडा नाही, दोघी नुसत्या बोलत बसतात आणि आपल्याला आपली तुटलेली मैत्रीण आठवते (मी त्याच रात्री फोन केला, उचलला नाही ते सोडा). नवीन पुस्तकं मात्र कमी, एकासाठी दीड महिना थांबले, आणि मिळालं तेव्हा शेवटची दोन पानं गायब. डिपॉझिट परत मिळतं.