सोनं खरं निघालं, आणि तिथेच आम्ही फसलो

आम्ही चौघं नागपूरचे. चौघांचे मिळून 6 लाख 4 हजार रुपये गेले. त्यातले 1 लाख 4 हजार सहलीचे, आणि 5 लाख छत्तीसगडमधल्या इब नदीकाठी सोनं काढायच्या एका भाडेपट्ट्याचे. तो पट्टा कधी नव्हताच. नाव-गाव सांगून कुणावर आरोप करायला मी बसलेलो नाही, तक्रार पोलिसांकडे आहे. पण हा प्रकार कसा घडतो हे बाईकवर फिरणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं, कारण यात फसणारा माणूस लोभीच असतो असं नाही. आम्हाला रस्ता हवा होता, जंगल हवं होतं आणि नदीत उतरून काहीतरी नवीन करून बघायचं होतं.

दहा-बारा वर्षांपासून आम्ही एकत्र फिरतो. पचमढी, बस्तर, एकदा स्पिती. माझ्याकडे हिमालयन, एकाकडे एक्सपल्स, बाकी दोघांच्या बुलेट. ऑक्टोबर 2024 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात फिरत आली. सहा दिवसांची राईड, नागपूर ते जशपूर, त्यात दोन दिवस नदीत सोनं धुणं. माणशी 26 हजार. राहणं, जेवण, राईड लीडर, मागे बॅकअप गाडी, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सरकारी परवानगीसह’. जे सापडेल ते तुमचं.

विश्वास का बसला? कारण त्यातलं बहुतेक सगळं खरं होतं. जशपूर जिल्ह्यात इब नदीच्या वाळूत सोन्याचे कण खरोखर मिळतात. तिथले झोरा समाजाचे लोक पिढ्यानपिढ्या लाकडी परातीत वाळू धुऊन ते काढतात. शेजारी झारखंडात सुवर्णरेखेच्या काठीही हेच चालतं. 2016 मध्ये छत्तीसगडमधल्या बाघमाराच्या सोन्याच्या खाणीचा लिलाव झाला, त्याची बातमी राईड लीडरने आम्हाला पाठवली होती आणि ती बातमीही खरी होती. शिवाय आम्ही विदर्भातले. नदीची वाळू धुऊन सोनं काढणारे सोनझारी लोक आम्हाला ऐकून माहीत. त्यामुळे ‘नदीत सोनं’ म्हटल्यावर आम्हाला ते थापेसारखं वाटलंच नाही.

राईड उत्तम झाली, हे मान्य करावंच लागेल. भंडारा, साकोली, देवरी करत पहिला मुक्काम रायपूरला. दुसऱ्या दिवशी सारंगढवरून छत्तीसगडचं रायगढ. तिथून घरघोडा, धरमजयगढचा रस्ता म्हणजे कोळशाच्या ट्रकांची रांगच. तासाभरात हेल्मेटच्या काचेवर काळा थर, दातांखाली कचकच. पत्थलगावच्या पुढे मात्र सालचं जंगल लागतं आणि सगळा शीण उतरतो. फरसाबहारच्या त्या भागाला सापांमुळे नागलोक म्हणतात, म्हणून रोज सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा, हेही त्यानेच शिकवलं. वाटेत एका बुलेटची चेन तुटली, तर पंधरा मिनिटांत रस्त्याच्या कडेला बसून त्याने ती जोडून दिली. अशा माणसावर संशय घ्यायला मन धजत नाही.

नदीवरचे ते दोन दिवस मला अजून जसेच्या तसे दिसतात. पावसाळा संपून पाणी खाली उतरलेलं, वळणाच्या आतल्या बाजूला वाळूचा मोठा पट्टा आणि त्यात अर्धवट रुतलेला एक काळा खडक. त्याने समजावलं की सोनं जड, त्याची घनता 19.3 आणि साध्या वाळूची 2.65 च्या आसपास. म्हणून प्रवाह जिथे मंदावतो तिथे, वळणाच्या आत, मोठ्या दगडाच्या आडोशाला आणि खालच्या पक्क्या खडकाच्या फटींत ते बसतं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मग त्याने हिरव्या प्लास्टिकच्या, खाचा असलेल्या पराती हातात दिल्या. परात पाण्याखाली धरायची, गोल हलवायची, पुढे झुकवून वरची वाळू वाहू द्यायची. शेवटी तळाशी काळी वाळू उरते. ती लोहखनिजाची, लोहचुंबकाने ओढून निघते. आणि त्या काळ्या वाळूच्या शेपटाला, नखावर मावेल एवढी पिवळी रेघ.

ती रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा आम्ही चौघंही लहान पोरांसारखे ओरडलो.

आता आठवतं ते वेगळंच. वाळू आम्ही कुठूनही घेत नव्हतो. काळ्या खडकामागे त्याच्या मदतनिसाने आदल्या संध्याकाळी खणून ठेवलेला खड्डा होता, त्यातूनच बादल्या भरून येत होत्या. माझ्या एका मित्राने दहा पावलांवरची वाळू स्वतः उपसून धुतली, त्यात काहीच आलं नाही. ‘ऊपर की परत में नहीं आता, भैया,’ असं सांगून त्याला परत खड्ड्याकडे आणलं. तो मदतनीस सारखी बिडी ओढायचा आणि ‘दिखाता हूँ’ म्हणत बिडीसकट आमच्या परातीवर वाकायचा. राखेत सोन्याचा कीस मिसळून ती परातीत झाडायची, ही खाणकामातल्या फसवणुकीची जुनी युक्ती आहे, हे मला नंतर वाचून कळलं.

पन्नासेक पावलांवर गावातली एक बाई सकाळपासून वाळू धुत होती. संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. तिने सालच्या पानाची घडी उघडून दाखवली. आत तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असे दोन-तीन ठिपके. दिवसभराची कमाई. मी तिला आमची काचेची कुपी दाखवली, तर तिने कुपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा पाण्यात वाकली. तेवढ्यात राईड लीडर आला आणि ‘इन लोगों को डिस्टर्ब मत कीजिए’ म्हणून मला घेऊन गेला. त्या बाईला मी एक प्रश्न विचारला असता तर आमचे पाच लाख वाचले असते.

दोन दिवसांत चौघांचं मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास निघालं. नागपूरला येऊन इतवारी सराफ्यात ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने चिमूटभर कण फुंकणीखाली वितळवून मणी केला, कसोटीवर रेघ ओढली, तेजाब लावलं. रेघ टिकली. ‘सोनं आहे. बावीसच्या जवळपास,’ तो म्हणाला. झालं. आमच्या मनात जी थोडीफार शंका होती ती त्या रेघेबरोबर मिटली.

सोनं तपासलं म्हणजे जागा तपासली असं आम्ही धरून चाललो. त्या काळात दहा ग्रॅमचा भाव 75 हजारांच्या वर होता, म्हणजे सव्वा ग्रॅमला फार तर नऊ-दहा हजार. एवढं खरं सोनं वाळूत टाकून पाच लाख मिळत असतील तर खोटं पितळ टाकण्याची गरजच काय?

डिसेंबरमध्ये राईड लीडरचा फोन आला. तोच किनारा बारा महिन्यांसाठी ‘हंगामी पट्ट्याने’ मिळतोय, माणशी सव्वा लाख, धुणारे मजूर तो लावणार, निम्मं सोनं आमचं, आणि आम्ही हवं तेव्हा राईड काढून यायचं. कागद आले. 500 रुपयांच्या मुद्रांकावरचा करार, खनिज विभागाचा गोल शिक्का, खसरा नंबर म्हणजे जमिनीचा गट क्रमांक, ग्रामसभेचा ठराव. आम्ही काही यूपीआयने आणि बरेच रोख दिले. आमच्यातला एक मित्र वीज खात्यातून निवृत्त झालेला. त्याने वहिनींना न सांगता निवृत्तीच्या पैशातून रक्कम काढली. त्याला मी गळ घातली होती. पैशापेक्षा ही गोष्ट मला जास्त लागून राहिली आहे.

उलगडा झाला तो योगायोगाने. कुपीत थोडे कण उरले होते. जानेवारीत एका पहाटे मी त्या सोनाराच्या दुकानापाशी थांबलो होतो, तर एक म्हातारे बाबा गल्लीतली नाली झाडून गाळ टोपल्यात भरत होते. सोनझारी. नदीवरचं काम आटलं, तेव्हा यांच्यातल्या अनेकांनी सराफ्याचा कचरा धुऊन त्यातलं सोनं काढण्याचा धंदा धरला. सहज म्हणून मी त्यांना कुपी दाखवली आणि म्हटलं, बाबा, हे इब नदीचं.

त्यांनी कण तळहातावर घेतले, अंगठ्याने पसरवले आणि दुकानाच्या पायरीवरच्या दिव्याखाली धरले. फार वेळ लागला नाही.

‘भाऊ, हे नदीचं नाही. हे कानशीचं आहे.’

मला कळलंच नाही. मग त्यांनी सोनाराकडून भिंग मागून घेतलं आणि मला बघायला लावलं. नदीचा कण दगडधोंड्यांत घासत, ठेचत येतो. तो चपटा होतो, त्याच्या कडा बोथट असतात, एक कण मोठा तर एक बारीक. आमच्या कुपीतले कण जवळजवळ सारखे, टोकांना वळलेले, कडा धारदार. सोनार दागिना कानशीने घासतो तेव्हा असाच कीस पडतो. रंगही त्यांनी दाखवला. नदीच्या सोन्यात निसर्गतःच चांदी असते, ते किंचित फिकं दिसतं. आमचं तांबूस होतं, दागिन्यासाठी तांबं मिसळलेलं. ‘आमी जलमभर हेच निवडलं. याला नाली म्हन, नदी नको म्हनू,’ असं म्हणून त्यांनी कण परत कुपीत टाकले. एकही कण हाताला चिकटू दिला नाही.

1997 मध्ये इंडोनेशियातल्या बुसांगच्या खाणीचा जगभर गाजलेला घोटाळा उघड झाला, तेव्हाही कणांच्या आकारानेच चुगली केली होती. तिथे कठीण खडकाच्या नमुन्यांत नदीतलं गोलसर सोनं सापडलं. आमच्याकडे उलटं, नदीच्या वाळूत कानशीचं सोनं.

पुढचं सगळं आठ दिवसांत बाहेर आलं. खसरा नंबर छत्तीसगडच्या ‘भुइयां’ या सरकारी संकेतस्थळावर टाकला, तर तो नदीकाठाचा नव्हताच, एका शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीचा होता. ग्रामसभेच्या ठरावावर सरपंच म्हणून एका पुरुषाची सही होती. आम्ही गावात गेलो तेव्हा कळलं की सरपंच एक बाई आहेत, आणि असा ठराव त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. जिल्ह्याच्या खनिज शाखेत कागद दाखवला तर तिथल्या माणसाने तो उलटसुलट करून बघितला आणि आम्हालाच विचारलं, ‘आप लोगों ने वहाँ खुदाई की है क्या?’

तेव्हा पायाखालची वाळू सरकली. आपल्या देशात हौस म्हणून सोनं शोधण्याचा परवाना असा प्रकारच नाही. ऑस्ट्रेलियात थोडी फी भरून कुणालाही तशी परवानगी मिळते, आणि बाईकवरून सोनं शोधत फिरण्याचे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक तिकडचे. इथे 1957 चा खाण आणि खनिज कायदा लागू होतो. परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेणं आणि खणणं हा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद, हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड, आणि त्या कामात वापरलेलं वाहन जप्त करता येतं. म्हणजे आमच्या चारही गाड्या जाऊ शकल्या असत्या. सोन्याचे पट्टे 2015 पासून लिलावाने दिले जातात, सव्वा लाखात चौघा दोस्तांना नाही. शिवाय जशपूर हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी भागासाठी खास तरतुदी असलेला जिल्हा. तिथे आदिवासींची जमीन बाहेरच्यांना अशी मुद्रांकावर लिहून घेता येत नाही. ‘सरकारी परवानगीसह’ हे वाचलं तेव्हाच आम्ही परवान्याचा क्रमांक मागून जिल्हा कार्यालयात एक फोन करायला हवा होता. एवढं केलं असतं तर सहलच झाली नसती.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचा उपयोग होईल. पैसे ऑनलाईन गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाईनवर तासाभरात फोन करा. आम्हाला महिन्याने कळलं, तोवर खातं रिकामं झालं होतं. पोलीस ठाण्यात ‘घटना छत्तीसगडची, तिकडे जा’ असं ऐकायला मिळालं, पण झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आम्ही तसा आग्रह धरला तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या 318(4) कलमाखाली नोंद झाली. रोख दिलेल्या पैशाची पावती नाही, त्यामुळे तेवढे सिद्ध करणं अवघड जातंय. जशपूरला राईडला जरूर जा. रस्ता, जंगल, माणसं, सगळं फार सुंदर आहे. नदीवर वाळू धुणारं कुणी दिसलं तर त्यांच्याजवळ बसा, बघा, त्यांचे कष्ट समजून घ्या. पण कुणी तुमच्या हातात परात आणि खणून ठेवलेली वाळू दिली, तर त्याच्या खड्ड्याबाहेरची वाळू स्वतःच्या हाताने धुऊन बघा.

निवृत्त मित्राने वहिनींना शेवटी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की मला आधी विचारलं असतं तर मी सोबत आले असते. तो आता आमच्याबरोबर राईडला येत नाही.

हे सगळं लिहायला आज बसलो कारण काल एका ओळखीच्या मुलाने मला एक जाहिरात पाठवली. अमरावतीचा पोरगा, नवीन गाडी घेतलेली, पैसे भरायच्या बेतात होता. राईडचं नाव बदललंय, फोन नंबर बदललाय, भाव 32 हजार झालाय. फोटो मात्र आमचाच आहे. काळा खडक, हिरवी परात, आणि गुडघाभर पाण्यात वाकून हसणारा राखाडी जॅकेटमधला माणूस. तो माणूस मी आहे, आणि त्या परातीत जे चमकतंय ते मी नदीतून काढलेलं नाही.