साधा स्विच की मॅनेज्ड स्विच?

स्विच म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा; साधा नुसता चालतो, मॅनेज्डमध्ये आत शिरून सेटिंग बदलता येतं. दोन्ही वापरून झालेत, म्हणून लिहितो. पोर्ट किती, वेग किती ते खोक्यावर छापलेलं असतंच.

साध्या स्विचबद्दल माझी तशी तक्रार नाही. वायर खोचली की चालू. कुठला मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा क्रमांक) कुठल्या पोर्टवर आहे ते तो आपलं आपण शिकतो. पासवर्डची भानगड नाही. टीव्ही, प्रिंटर, एक-दोन कॉम्प्युटर एवढंच असेल तर जास्त पैसे घालवू नका.

माझं मत फिरलं ते एका केबलमुळे. ऑफिसात टेबलाखाली लोंबणारं टोक कुणीतरी, आवराआवरीच्या भरात, रिकाम्या पोर्टात खोचून ठेवलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. झालं! नेट गेलं, प्रिंटर गायब, आणि स्विचचे सगळे दिवे एका लयीत पिसाटल्यासारखे लुकलुकताहेत. नेटवरून माहिती नेणाऱ्या आयपी पॅकेटला टीटीएल (किती टप्पे जगायचं याची मर्यादा) असतो, फिरून फिरून ते कधीतरी मरतं. स्विच ज्या गठ्ठ्यांत माहिती पाठवतो त्या इथरनेट फ्रेमला तसलं काही नाही. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेला संदेश) एकदा लूपमध्ये, म्हणजे अशा बंद वळशात, सापडला की फिरतच राहतो आणि दर फेरीला सगळ्या पोर्टांवर आदळतो. मी मात्र राउटर तीनदा बंद-चालू केला, नेटवाल्याशी फोनवर वाद घातला, आणि शेवटी एकेक वायर काढत बसलो. अख्खी दुपार गेली.

मॅनेज्ड स्विचमध्ये यावर स्पॅनिंग ट्री असतं. संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन यांची १९८५ सालची युक्ती: लूप दिसला की एक पोर्ट गप्प करायचा. नवा स्विच आल्यावर मी मुद्दाम तशीच केबल लावून पाहिली. एक पोर्ट ब्लॉक झाला. शेजारच्याला पत्ताही लागला नाही. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं) वगैरेही मिळतं, पण मी त्यासाठी घेतला नव्हता.

त्याचाही जाच आहे. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत वायर लावल्यावर पोर्ट ३० सेकंद ढिम्म बसतो, आणि लोक तेवढ्यात ती काढून दुसरीकडे लावतात. आरएसटीपी (स्पॅनिंग ट्रीची नवी, वेगवान आवृत्ती) चालू करून कॉम्प्युटरचे पोर्ट ‘एज’ (म्हणजे पुढे दुसरा स्विच नाही) केले की हे थांबतं. बऱ्याच स्विचांत सेटिंग वेगळं सेव्ह करावं लागतं. विसरलात तर वीज गेली की तेही गेलं. शिवाय ‘स्मार्ट’ म्हणून मिळणाऱ्या काही स्विचांत स्पॅनिंग ट्री नसतं, नुसतं लूप डिटेक्शन असतं. तेवढं बघून घ्या.

तुमचं ऑफिस माझ्यापेक्षा शिस्तीचं असेल तर कदाचित साधाही पुरेल. माझा साधा स्विच अजून आहे, टीव्हीमागे. पाच पोर्टांचा, आणि एकही पोर्ट रिकामा ठेवलेला नाही.