वेट पॅलेट की फरशीचा तुकडा?

टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनी, रंगवताना ब्रश कुठला घ्यावा, रंग कुठल्या कंपनीचे, यावर नवशिके महिनोन्‌महिने घोळ घालतात. मीही घातला. पण रंग ज्यावर काढून घ्यायचा, त्या पॅलेटकडे कुणी ढुंकून बघत नाही. पहिल्या दहाबारा मिनी आपण थेट डबीच्या झाकणातूनच रंगवतो. मग कुणीतरी सांगतं, अरे, रंग पातळ कर. मिनी रंगवायला शिकवणाऱ्या व्हिडिओंमुळे प्रसिद्ध असलेल्या डंकन ऱ्होड्सने तर आपल्या रंगांचं नावच ‘टू थिन कोट्स’ ठेवलंय. दोन पातळ हात द्या, म्हणजे चेहऱ्यावरचं कोरीवकाम बुजत नाही. कबूल. पण पातळ करायचा कशावर?

मी दीड वर्ष फरशीवर काढलं. बाथरूमच्या कामातून उरलेला चकचकीत पांढरा तुकडा होता. वेट पॅलेटचं, म्हणजे ओल्या स्पंजावर ठेवलेल्या कागदाचं, आता तिसरं वर्ष चालू आहे. दोन्ही अजून टेबलावर आहेत, तेव्हा फरशीशी माझं काही वैर नाही.

उलट, काही कामं फरशीवरच होतात. ड्रायब्रशिंगला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला, ब्रशमधलं पाणी हाच शत्रू, त्यामुळे ते ओल्या कागदावर करणं म्हणजे भिजलेल्या काडीने चूल पेटवणं. वॉश, म्हणजे खाचांत सावली भरणारा पातळ रंग, वेट पॅलेटवर ओतला तर वाट फुटेल तिकडे पळतो. एकाच हातात सावली आणि उजेड दोन्ही देणाऱ्या कॉन्ट्रास्ट रंगांचंही तेच. आणि मेटॅलिक रंग तर ओल्यावर अजिबात नकोत. चमकीचे कण सुटे होऊन पाण्याबरोबर पसरतात आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या साध्या तपकिरी झग्यावर चंदेरी चुरा दिसतो. शिवाय रंग किती पातळ हवा हे शिकायला फरशी जास्त चांगली मास्तरीण आहे, असं मला वाटतं. थेंबभर पाणी तुम्ही घालता, फरक तुम्हालाच दिसतो. वेट पॅलेटवर रंग आपला आपण पातळ होत जातो, आणि हात बसलेला नसेल तर त्याचं पाणचट ताक कधी झालं ते कळत नाही.

मग मी बाजू का बदलली? सायीमुळे.

मे महिन्यातली दुपार, पुण्यातला वरचा मजला, पंखा पाचवर. दहा जणांची तुकडी, सगळ्यांच्या झग्यांना एकच मिश्र रंग: लाल, त्यात तपकिरी आणि किंचित हस्तिदंती. तिसऱ्या शिपायापर्यंत येतो तोवर थेंबाच्या कडेला साय धरलेली. दुधावर धरते तशीच, फक्त ही परत मिसळत नाही. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की उरलेल्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो. वॉटरकलरसारखा तो पाण्याने पुन्हा विरघळत नाही. पाणी घालून ढवळलं की त्याचे फक्त तुकडे होतात, आणि ते ब्रशला चिकटून मिनीवर जाऊन बसतात.

त्यातला एक कण माझ्या सार्जंटच्या गालावर बसला. रंग लावताना दिसलाही नाही. वॉश दिल्यावर दिसला, कारण वॉश खाचेत आणि उंचवट्याच्या पायथ्याशी साचतो, आणि त्या कणाभोवती त्याने छान काळं रिंगण घातलं. २८ मिलिमीटरच्या मिनीचं डोकं ते केवढं, तुरीच्या दाण्याएवढं. त्यावर रव्याच्या कणाचा पाव हिस्साही फोडासारखा दिसतो. सुईने काढायला गेलो तर खालचा प्राइमरही निघाला. आता मी त्याला चामखीळ म्हणतो.

झग्यांचं तर विचारूच नका. मिश्रण एकूण तीनदा करावं लागलं, त्यामुळे तुकडीत तीन लाल झाले. शेजारी शेजारी उभे केले की तीन गावचे वऱ्हाडी वाटतात. ‘पंखा बंद करून रंगव’ असा सल्ला मिळाला होता. सल्ला देणारा बहुतेक थंड हवेच्या ठिकाणी राहत असावा. रंग वाळणं लांबवणारा रिटार्डरही घालून पाहिला. रंग उशिरा वाळतो खरा, पण माझा हात सढळ पडला आणि झगा दुसऱ्या दिवशीही चिकटत होता.

वेट पॅलेटचं तत्त्व सोपं आहे. खाली ओला स्पंज, वर कागद, कागदावर रंग. पंखा वरून जेवढं पाणी नेतो तेवढं खालून झिरपत राहतं. तयार पॅलेट मिळतात आणि चांगले असतात, पण सुरुवातीला घेऊ नका असंच मी सांगेन. काजूकतलीचा चपटा, घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, त्यात ओटा पुसायचा पातळ स्पंज, वर बटर पेपर. झालं.

फक्त या बटर पेपरपाशी सगळे अडकतात. आपल्याकडे या नावाने काहीही विकलं जातं. स्टेशनरीच्या दुकानात मागितलात तर नकाशे काढायचा ट्रेसिंगचा कागद मिळेल. तो भिजला की पापडासारखा वळतो. मेणाचा कागद पाणी वर येऊच देत नाही, म्हणजे पुन्हा फरशीच, फक्त जास्त गिचमिड. बेकिंगच्या सामानाच्या दुकानातला पार्चमेंट मला चालला. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून स्पंजावर ठेवा आणि खालचे बुडबुडे बोटाने काढा. स्पंज ओला हवा, पण डबा तिरका केला तर पाणी वाहता कामा नये. रंग पाणचट होण्याची माझी तक्रार ऐंशी टक्के तरी जास्त भिजलेल्या स्पंजामुळे होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

दुसरी खोड म्हणजे वास. जुलैत डबा चार दिवस बंद राहिला आणि उघडल्यावर गटार आठवलं. स्पंजावर काळे ठिपके. परदेशातले लोक स्पंजाखाली तांब्याचं नाणं ठेवतात. आपल्या खिशात आता तांब्याची नाणी कुठली? मी वायरिंगच्या उरलेल्या तारेवरचं प्लास्टिक सोलून तिचं वेटोळं ठेवलं. वास कमी झाला खरा. तांब्यामुळे, की त्याच धास्तीने मी दर दोन दिवसांनी पाणी बदलू लागलो म्हणून, देव जाणे.

तरीही, संध्याकाळी कालवलेला त्वचेचा रंग दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच ओला सापडणं, हे सुख फरशीने मला कधी दिलं नाही. नोकरी करून रात्री अर्धा तास रंगवणाऱ्याला ते फार मोठं वाटतं. छटा एकमेकींत मिसळणं, ग्लेझ, म्हणजे पारदर्शक पातळ थर, देणं हे मी वेट पॅलेट आल्यावरच खरं शिकलो. आधी जमत नव्हतं म्हणून नाही; दुसरी छटा घेईपर्यंत पहिली वाळलेली असायची.

तुमचं काम मुख्यतः बेस, वॉश आणि ड्रायब्रश असेल, येत्या रविवारच्या खेळाआधी तीस मिनी उभ्या करायच्या असतील, तर फरशी पुरे; डब्याच्या भानगडीत पडू नका. एसीत बसून रंगवत असाल तर माझी सायीची कहाणी तुम्हाला कदाचित अतिशयोक्त वाटेल. पण चेहरे, झगे, लेयरिंग (थरावर थर देऊन छटा चढवणं) याकडे ओढा असेल आणि डोक्यावर पंखा फिरत असेल, तर या रविवारी काजूकतली आणा. आणि फरशी विकत घेऊ नका. टाइल्सच्या दुकानात फुटका तुकडा मागितला तर देतात, फक्त कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. माझा अंगठा कापला होता.