दोन कँडलचा स्टीलचा फिल्टर : पाच महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या गणपत गल्लीतील भांड्यांच्या एका दुकानातून मे महिन्याच्या अखेरीस मी सोळा लिटरचा, दोन कँडल असलेला स्टीलचा फिल्टर बावीसशे रुपयांना घेतला. विजेवर चालणारे यंत्र घरात आधीपासून होते. परंतु पावसाळ्यात वीज जाण्याची आणि नळाला पाणी येण्याची वेळ हटकून एकच असल्यामुळे ते बहुतेक वेळ भिंतीची शोभा वाढवण्याचेच काम करीत असे. शहराला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून पाणी मिळते, आणि पहिल्या जोरदार पावसानंतर आमच्या नळाच्या पाण्याला तांबूस झाक येते. हा गाळ अडवणे एवढीच माझी मुख्य अपेक्षा होती.

पहिले दोन दिवस मी फिल्टर परत करण्याच्या विचारात होते, कारण वरचे भांडे काठोकाठ भरूनही रात्रभरात खाली जेमतेम दोन तांबे पाणी उतरले. दुकानदारांचे म्हणणे, “अक्का, नवीन हाय, आठ दिवसांत सुटतंय बघा.” माहितीपत्रकात ‘वापरण्यापूर्वी कँडल पाण्यात भिजवावी’ एवढी एकच ओळ होती. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या; पण कँडल भिजवायची कशी आणि कशासाठी, हे दोघांनीही सांगितले नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

कँडल म्हणजे भाजलेल्या मातीची जाड भिंतीची पोकळ नळी. तिच्या भिंतीत एकमेकांना जोडलेली असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि नव्या, कोरड्या कँडलमध्ये ती सगळी हवेने भरलेली असतात. पाणी आत शिरायचे तर त्या हवेने जागा सोडली पाहिजे. केशाकर्षणामुळे पाणी अरुंद छिद्रांत आधी ओढले जाते, आणि मधल्या रुंद पोकळ्यांतील हवेला निघायला वाट उरण्यापूर्वीच तिच्या दोन्ही बाजूंचे बोळ पाण्याने बंद होतात. पृष्ठताणामुळे अशी कोंडलेली हवा जागची हलत नाही. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या ओल्या छिद्रातून हवा ढकलून काढायची तर सुमारे तीस मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो. आमच्या वरच्या भांड्यात पाण्याची उंची फार तर वीस सेंटिमीटर भरते. म्हणजे भांडे कितीही भरले तरी ते बुडबुडे हलणार नव्हते, आणि त्यांनी अडवलेल्या वाटा पाण्याला बंदच राहणार होत्या.

मी दोन्ही कँडल आधी बादलीत आडव्या बुडवल्या होत्या, आणि तीच चूक होती, कारण पाणी चहूबाजूंनी एकदम शिरले आणि हवा आतल्या आत कोंडली गेली. दुसऱ्या खेपेस त्या दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवल्या आणि दांडा (कँडलच्या बुडाची पोकळ नळी, जिच्यातून पाणी खाली उतरते) वर येईल अशा उलट्या धरून पाण्यात हळूहळू खाली नेल्या. दांड्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवले, त्यामुळे पाणी बाहेरून आत येत गेले आणि हवा पोकळीतून, दांड्यावाटे निघून गेली. पाणी मुद्दाम उकळून गार केलेले घेतले. उकळताना पाण्यातील विरघळलेली हवा निघून जाते, आणि असे पाणी छिद्रांत उरलेले बुडबुडे हळूहळू स्वतःत विरघळवून घेते. मातीची पाझरक्षमता मोजणाऱ्या प्रयोगशाळांतही याच कारणासाठी हवा काढून टाकलेले पाणी वापरतात. रात्रभर भिजवल्यावर तासाला दीड लिटरच्या आसपास पाणी मिळू लागले.

गणपतीत आम्ही आठ दिवस खानापूरला होतो. निघताना वरचे भांडे रिकामे करून उघडे ठेवले होते. परत आल्यावर पुन्हा पहिल्या दिवसासारखी ठिबक सुरू. कँडल तासभर उघडी पडली तर काही बिघडत नाही, कारण बारीक छिद्रे आपले पाणी सहज सोडत नाहीत. पण आठवडाभरात ते पाणी वाफ होऊन उडते आणि त्याची जागा हवा घेते. (खानापूरच्या मडक्यातले पाणी गार राहते ते भिंतीतून पाझरून असेच उडत राहिल्यामुळे, तिथला गुण इथे दोष ठरतो.) आता गावाला जाताना कँडल पाण्यात बुडालेल्या ठेवते.

वस्तूचा खरा दोष तिसऱ्या आठवड्यात कळला. एका कँडलच्या बाजूने खाली येणारे पाणी गढूळ होते. भिजलेल्या कँडलच्या दांड्याला रबरी नळी लावून तिला पाण्याखाली धरले आणि हलकेच फुंकले. चांगल्या कँडलमधून अशा फुंकीने एकही बुडबुडा येत नाही, कारण ओल्या छिद्रांतून हवा ढकलण्याइतका जोर आपल्या छातीत नसतो. या कँडलच्या मात्र प्लास्टिकच्या बुडाजवळ, जिथे माती चिकटवलेली असते, तिथून बुडबुड्यांची माळ सुटली. दुकानदारांना तेच करून दाखवल्यावर त्यांनी काही न बोलता कँडल बदलून दिली. विकत घेतानाच ही परीक्षा करता आली असती तर बरे झाले असते, पण कोरड्या कँडलमधून हवा अशीही सहज जाते, त्यामुळे दुकानात तिचा उपयोग नाही.

फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेला वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम इथेही दिसतो : पाण्याची उंची निम्मी झाली की वेगही जवळपास निम्मा होतो, म्हणून वरचे भांडे रिकामे होण्याची वाट न पाहता भरत राहावे. पावसाळ्यात दर आठवड्याला कँडल मऊ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासावी लागते. साबण लावू नये, तो छिद्रांत शिरतो आणि चव आठवडाभर जात नाही.

बोअरवेलच्या पाण्याचा जडपणा किंवा त्यातील क्षार हा फिल्टर काढत नाही, कारण विरघळलेले पदार्थ पाण्याबरोबरच छिद्रांतून पार होतात. विषाणूही या छिद्रांपेक्षा बरेच लहान असतात, त्यामुळे पावसाळ्यात गाळलेले पाणी मी तरीही उकळते. नळाच्या पाण्यातील गाळासाठी मात्र बावीसशे रुपये वाजवी वाटतात. तोटीचा वायसर तेवढा कमअस्सल आहे. तो पहिल्याच महिन्यात बदलावा लागला.