एक्स्टेन्शन ट्यूब : बहाव्याला नापास, एकदांडीला पास

कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या या नळ्या फाल्गुनात मागवल्या होत्या, आता कार्तिक लागला. एवढे महिने वापरल्यावर लिहायला हरकत नाही.

मी सोलापुरात एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. कॅनॉनची जुनी क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरची) बॉडी आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स, एवढीच माझी इस्टेट. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स परवडण्यातली नाही. हा १३, २१ आणि ३१ एमएमच्या तीन नळ्यांचा संच दोन हजारांच्या आत आला.

नळीत काच नसते, नुसती पोकळी. लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि फुलाच्या पार जवळ जाऊनही फोकस लागतो. नळीच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं : ३१ भागिले ५० म्हणजे ०.६२, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या आकाराच्या ०.६२ पट उमटतं. लेन्स इन्फिनिटीवर, म्हणजे लांबात लांबच्या फोकसवर, ठेवली तरी फ्रेममध्ये जेमतेम ३६ मिमी रुंदीचं जग मावतं.

चैत्रात पार्किंगमधल्या लिंबापासून सुरुवात केली. पाडव्याला आपण तो मोहर चावून गिळतो, पण मधोमध पुंकेसर जुळून झालेली ती इवलीशी पांढरी नळी मी इतक्या वर्षांत नीट बघितलीच नव्हती. मग नाद लागला तो एकदांडीचा. वर्गांच्या मागे, नळाजवळ, फरशीच्या फटीत, बारा महिने उगवणारं तण. ३१ची नळी लावून मी फरशीवर आडवी झाले आणि कडेच्या पाकळ्यांच्या टोकांना तीन-तीन दाते दिसले. मधलं पिवळं बटण म्हणजे पाच-पाच पाकळ्यांच्या फुलांची गर्दी निघाली. वॉचमनमामा येऊन उभे राहिले, "मॅडम, काय शोधलालाव? रिंग पडली काय?"

बहाव्याला मात्र या नळ्या कुचकामी. झुंबरं वर लोंबतात, जरा वारं आलं की झोका घेतात आणि नळी लावल्यावर लांबचा फोकस मिळत नाही. तिथे नळी काढून नुसती ५०च बरी. आषाढात तर वाऱ्यापुढे मी हातच टेकले. उन्हाळ्यात साडेसात-आठनंतरचं ऊनही कामाचं नाही, सावल्या काळ्याकुट्ट पडतात. त्यावर माझा उपाय घरगुती आहे : पांढरा सोलापुरी टॉवेल फुलाखाली अंथरायचा, खालून छान उजेड येतो. उजेड लागतोच, कारण ३१ची नळी जवळजवळ दीड स्टॉप प्रकाश खाते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

आता तक्रार. माउंट, म्हणजे लेन्स अडकवायचा भाग, प्लास्टिकचा आहे आणि दोन नळ्या एकात एक बसवल्या की लेन्स डुगडुगते. जोडणी सुटली की कॅमेऱ्यावर एफच्या आकड्याच्या जागी ००, नाहीतर एरर ०१. पितळी ठिपके कोरड्या कापडाने पुसून, पुन्हा फिरवून बसवायचं. तेवढ्यात फुलावरची माशी उडालेली असते. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, "घट्ट फिरवा." जोर लावून प्लास्टिक तुटलं तर भरून कोण देणार, ते नाही लिहिलं. तिन्ही एकत्र लावायच्या भानगडीत पडूच नका. फूल लेन्सच्या नाकाला टेकतं आणि आपलीच सावली त्यावर पडते.

ऑटोफोकसवरही विसंबू नका. मॅन्युअल ठेवून, श्वास रोखून, आपणच मागे-पुढे डुलायचं. एफ ८ला (लेन्सचं भोक लहान) दहातले दोन फोटो नीट फोकसमध्ये येतात, एफ १.८ला (भोक सताड उघडं) एकही नाही.

सध्या बुचाचा सडा पडतोय. सकाळी झाडणारे यायच्या आत गाठावा लागतो. फुलाची दांडी इतकी लांब की ३१च्या फ्रेममध्ये अख्खं फूल मावतच नाही. त्याला १३चीच लावा. जमिनीवर बसायची लाज नसेल, गुडघे शाबूत असतील, तर घ्या. पाचपैकी तीन तारे. धातूचा माउंट असता तर चार दिले असते.